एका प्रत्यक्षदर्शीने सांगितले

वाशिंद
१८ जुलै २०२४

चंदरदादा,

वर ‘प्रिय’ लिहिलं होतं, ते खोडलं. तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस, मेलला उत्तर देत नाहीस, म्हणून हे रजिस्टर पोस्टाने नागपूरला पाठवते आहे. पोचपावतीवर तुझी सही आली की तुला मिळालं एवढं तरी कळेल. यात घरच्या भांडणाचं काही नाही. कामाचं आहे.

मी युरोपातल्या सायकल शर्यतींवर मराठीत लिहिते हे तुला ठाऊक आहे. आता एका प्रकाशनासाठी पुस्तक करते आहे. आपल्याकडच्या रोख बक्षिसांच्या शर्यती आणि त्यांत पोटासाठी सायकल मारणारी माणसं. संपादक कुणाली म्हणून आहे, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, पण भलती कडक. प्रत्येक विधानाला दोन स्रोत लागतात, आणि ते दोन एकमेकांवरून उतरवलेले चालत नाहीत. युरोपचं लिहिताना हे जमतं. तिथे कोण कितव्या मिनिटाला कुठल्या चढावर होता याचे कागद असतात. आपल्याकडे कागद म्हणजे कुणाच्या तरी माळ्यावरचं गाठोडं.

पाचवं प्रकरण आपल्या शहापूर–माळशेज शर्यतीचं आहे. सन २००९. डोळखांबकडच्या पाड्यावरचा झिपरू आगिवले, नंबर एकेचाळीस, घाटमाथ्यावर पहिला आला. घाटात चालत्या ट्रकला धरल्यामुळे तो बाद झाला आणि दुसरा आलेला पहिला ठरला. हे मला सात ठिकाणी सापडलं. दोन वेबसाइट, एक ज्ञानकोशाचं पान, तीन लेख, एक स्मरणिका. सातही जण तेच वाक्य लिहितात, त्याच क्रमाने, ‘धावत्या’ या शब्दातल्या त्याच चुकीसकट. म्हणजे सात नाहीत, एकच आहे. तो एक म्हणजे तुझी बातमी, २३ नोव्हेंबर २००९.

बातमीत लिहिलं आहे, ‘एका प्रत्यक्षदर्शीने सांगितले.’

हा प्रत्यक्षदर्शी कोण, ते मला लिहून दे. तुझी त्या वेळची वही असेल तर त्या पानाचा फोटो चालेल. दोन ओळींचं काम आहे.

समीक्षा


वाशिंद
९ ऑगस्ट २०२४

चंदरदादा,

पोचपावती आली. सही तुझीच आहे, ‘च’ला तेवढाच लांब फाटा. उत्तर नाही.

ठीक आहे. तू नाही तर दुसरीकडे शोधू, म्हणून मी सरळगावला काळूराम मास्तरांकडे जाऊन आले. शर्यत समितीचे सेक्रेटरी होते ते. आता कमरेत वाकलेत, पण समितीचं प्रोसिडिंग बुक त्यांनी अजून लोखंडी कपाटात ठेवलं आहे. मला वाटलं, आता सुटले. इथे पंचांचा अहवाल असेल, कुणाची तरी सही असेल.

२५ नोव्हेंबरच्या सभेची नोंद जशीच्या तशी उतरवते. ‘दि. २३ रोजीच्या वृत्तपत्रातील बातमी वाचण्यात आली. सदर बातमीस अनुसरून स्पर्धक क्र. ४१ यांचा क्रमांक रद्द करण्यात येत आहे.’

संपलं. पंच नाही, तक्रार नाही, जबाब नाही.

आणि २७ तारखेची तुझी दुसरी बातमी आठवते का? ‘समितीच्या निर्णयामुळे आमच्या वृत्तावर शिक्कामोर्तब.’ दादा, समितीने तुझ्यावरून लिहिलं आणि तू समितीवरून. मग सात जणांनी तुम्हा दोघांवरून लिहिलं. कुणालीला फोनवर सांगितलं तर ती हसली नाही. म्हणाली, “म्हणजे तुमच्याकडे शून्य स्रोत आहेत, मॅडम.”

मी मास्तरांना विचारलं, “झिपरूला विचारलं होतं का?”

“पत्र धाडलेलं सभेला ये म्हणून. आला नाय.”

“कुठल्या पत्त्यावर धाडलं?”

“झिपरू आगिवले, डोळखांब.”

“मास्तर, त्यांचा पाडा डोळखांबपासून डोंगरात किती आत आहे! दोन दिवसांत पत्र पोचेल तरी का?”

मास्तरांनी चष्मा काढून धोतराला पुसला. “पेपरात छापून आलेलं गो. आमी काय म्हणणार? पेपरवाल्यांनी बघितल्याबिगर लिवलं असेल का?”

तू त्या दिवशी घाटात नव्हतास. शहापूरला सुरुवात झाली, तू फोटो काढलेस आणि ठाण्याला ऑफिसात गेलास. हे मला माहीत आहे, कारण डबा मीच भरून दिला होता.

पुन्हा विचारते. प्रत्यक्षदर्शी कोण? नाव दे. चिडून दे, शिव्या घालून दे, पण दे. पंधरा वर्षं एका माणसाला तालुक्यात ‘ट्रकवाला’ म्हणतात आणि ते कुणी पाहिलं हे एका कागदावर नाही.

समीक्षा


वाशिंद
३ सप्टेंबर २०२४

चंदरदादा,

अजून गप्प आहेस. मी झिपरूंना भेटून आले.

डोळखांबपर्यंत एसटीने गेले, पुढे जीपने, आणि शेवटचा चढ पायी. घराबाहेर नाचणीचं वावर आहे. ते तिथेच निंदत होते. वय चाळीसही नाही, पण केस निम्मे पांढरे. पिंढऱ्या मात्र अजून सायकलवाल्याच्या. बायको गोदी आणि तेरा वर्षांची मुलगी भूमिका. दिवाळीनंतर नवरा-बायको नाशिककडे द्राक्षांच्या कामाला जातात, तेव्हा मुलगी आजीकडे राहते.

मी पुस्तकाचं सांगितलं. गोदीने लगेच विचारलं, “पुन्हा ट्रकचंच लिवणार का?” ती आत निघून गेली आणि भांडी जोरात वाजायला लागली.

मी झिपरूंना सरळ विचारलं, “तुम्ही ट्रक धरला होता का?”

त्यांनी खुरपं मातीत खोचून ठेवलं. मग म्हणाले, “हे मला आजवर कोनी इचारलंच नाय.”

“कुणीच?”

“बाजारात म्हनतात, ए ट्रक! पोरं म्हनतात. मास्तर म्हनले, तुझा नंबर गेला. इचारलं कोनी नाय.”

मग त्यांनी सांगितलं. मी फोनवर रेकॉर्ड केलं आहे, तेच लिहिते. “ट्रक घाट उतरत होता. मी चढत होतो. रस्ता तवा लय अरुंद, एका अंगाला दरड, दुसऱ्या अंगाला खाली खोल. त्यानं मला दाबला. मी फळीवर थाप मारली, अशी, हात रेटून. नायतर मागच्या चाकाखाली गेलो असतो. ट्रक खाली गेला, मी वर गेलो. वर पयला पोचलो.”

“पण लोक म्हणतात, धरला.”

“बाय, खाली चाललेला ट्रक धरून मानूस वर कसा जाईल?”

दादा, एवढा साधा प्रश्न. पंधरा वर्षांत तू, मास्तर, सात लेखक, कुणालाही तो सुचला नाही. नंबर रद्द झाल्याची झिपरूंना काही खबर नव्हती. पंधरा दिवसांनी ढाल न्यायला शहापूरला आले तेव्हा कळलं. पुण्याच्या एका क्लबने पगारावर घेतो म्हणून बोलावलं होतं, त्यांचं पुन्हा पत्र आलं नाही. सायकल दोन वर्षं घरात टांगून ठेवली आणि मग विकली.

निघताना मी म्हणाले, “मी हे नीट लिहीन.”

ते म्हणाले, “लिवा. पन तेव्हा ज्यानं सांगितलं त्याला पन इचारा. त्याला काय दिसलं ते.”

भूमिका मला जीपपर्यंत सोडायला आली. वाटेत तिने शाळेची सगळी हकिकत सांगितली.

मला नाव हवं आहे, दादा.

समीक्षा


वाशिंद
२१ सप्टेंबर २०२४

दादा,

तुझं पाकीट मिळालं. पत्र नाही, चिठ्ठी नाही. फक्त त्या बातमीची झेरॉक्स, आणि ‘एका प्रत्यक्षदर्शीने’ या दोन शब्दांखाली लाल पेनाने दोन रेघा.

कळलं.

प्रत्यक्षदर्शी कोण हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मीच होते. दोन महिने तुला विचारत राहिले ते यासाठी, की तुझ्याकडून दुसरं एखादं नाव निघेल. आणखी कुणी तरी तुला फोन केला असेल, माझ्या आधी किंवा नंतर. निघालं नाही, कारण नव्हतंच.

आता सगळं लिहिते, म्हणजे आपल्या दोघांत तरी एकदा नीट लिहिलेलं राहील.

मी सतरा वर्षांची होते. कॉलेजच्या मुलींना समितीने घाटात वळणावळणावर उभं केलं होतं, हातात झेंडा आणि वही. कोणता नंबर किती वाजता गेला ते लिहायचं. माझं वळण पायथ्याच्या मोरोशी गावाच्या वरचं. मी तिथे मागून घेतलं होतं, कारण आदेश त्या शर्यतीत होता. आमचं लग्न पुढे सात वर्षांनी झालं, पण तेव्हाही मी त्याच्यासाठीच गेले होते हे तुला माहीत होतं आणि तू घरी सांगितलं नव्हतंस. आदेश दुसरा आला. एकेचाळीस नंबर पुढे नसता तर पहिला असता.

दुपारी मोरोशीच्या धाब्यावरून मी तुला फोन केला. तू विचारलंस, “निकाल कळला, पण काही वेगळं घडलं का? बातमी जरा उठली पाहिजे.” मी म्हणाले, “एकेचाळीसने ट्रकला हात लावला.” तू विचारलंस, “लावला की धरला?”

मी म्हणाले, “धरल्यासारखंच होतं.”

‘सारखंच’ तू काढलंस. पण ‘धरला’ हा शब्द मी घेतला, दादा. तू दोन शब्द पुढे केलेस आणि मी मला हवा होता तो उचलला. ट्रक कुठल्या दिशेने चालला होता हे तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही.

मला वाटायचं, मला ते आठवत नाही. झिपरूंकडून आल्यावर मी माळा उपसला. ती वही सापडली. माझंच अक्षर: ‘४१. १०.५२. खाली येणारा ट्रक, निळा, गवत भरलेला. जागा कमी.’ खाली येणारा. त्या क्षणी पाहिलं, लिहिलं, आणि दोन तासांनी फोनवर गिळलं.

चार वर्षांपूर्वी आईच्या वर्षश्राद्धाला सगळ्यांसमोर तू आदेशला म्हणालास, “तुझी नोकरी माझ्या बातमीवर उभी आहे.” मी तुला घराबाहेर काढलं. चार वर्षं मी सांगत आले की दादा दारूच्या भरात बरळला. तू प्यायला नव्हतास, आणि बरळलाही नव्हतास. तो पहिला नंबर नसता तर त्याला क्रीडा कोट्यातून नोकरी मिळाली नसती. तुला घराबाहेर काढल्याची चूक मी कबूल करते. पण तेव्हा तू अर्धंच बोललास, ते का? तुला माहीत होतं तर उरलेलं का नाही बोललास?

वहीचा फोटो कुणालीला पाठवला. तिचा मेल लगेच आला: ‘मॅडम, तुम्हीच साक्षीदार असाल तर हा एक स्रोत. झिपरू दुसरे, पण त्यांचा यात हितसंबंध आहे. आणखी एक स्वतंत्र माणूस हवा.’

मी फोन आपटला. हिला सतराव्या वर्षी घाटात उभी करायला हवी होती.

समीक्षा


वाशिंद
१४ ऑक्टोबर २०२४

दादा,

तिसरा माणूस माझ्या घरात निघाला.

रविवारी सकाळी आदेश गॅलरीत सायकलची चेन साफ करत होता. मी वही घेऊन समोर बसले आणि ती ओळ वाचली. तो चेन पुसत राहिला.

“निळा ट्रक,” मी म्हणाले. “गवत भरलेला.”

“हं.”

“हं म्हणजे?”

“मला पण भेटलेला. दोन वळणं खाली. मी गटारात उतरलो म्हणून वाचलो. गुडघा फुटला होता, आठवतो ना?”

आठवतो. हळद मीच लावली होती.

“म्हणजे तो खाली येत होता हे तुला माहीत होतं.”

“खालीच येत होता. वरून आला म्हणून तर आधी त्याला भेटला नि मग मला.”

“आणि दुसऱ्या दिवशी पेपर वाचलास तेव्हा?”

त्याने फडकं खाली टाकलं. “वाचलं नि वाटलं, दुसरा ट्रक असेल. मग वाटलं, असेलच. पंचांनी ठरवलं, मी मागायला गेलो नव्हतो.” मग म्हणाला, “तू पण नाय गेलीस सांगायला.”

“मी चुकले. तू सांग आता. एवढंच लिहून दे, ट्रक खाली येत होता.”

“आणि नोकरी? उद्या कोणी अर्ज केला तर? भूतकाळ उकरून पोट भरणार आहेस का?”

तो तेलकट हातांनीच बाहेर निघून गेला. मी वकिलाला विचारलं. ते म्हणाले, इतक्या वर्षांनी बहुधा काही होणार नाही, त्यानंतर त्याने इतर शर्यतीही जिंकल्यात. पण ‘बहुधा’ या शब्दावर घर चालत नाही, हे मलाही कळतं. आठ दिवस आम्ही डबा, पाणी, किल्ली यापलीकडे बोललो नाही. मी ते प्रकरणच काढून टाकायचं ठरवलं. कुणालीला मेलही लिहिला. पाठवायचा राहिला होता.

नवव्या दिवशी तो कामावरून आला आणि बूट न काढता टेबलावर कागद ठेवला. अर्जाच्या भाषेत लिहिलेला, समासासकट. ‘मी खाली सही करणार आदेश निचिते कळवतो की, दि. २२/११/२००९ रोजी सदर निळा ट्रक घाट उतरत असताना मला समोरून भेटला. तो धरून कोणासही वर जाणे शक्य नाही. सबब त्या दिवशीचा पहिला क्रमांक माझा नाही.’

शेवटचं वाक्य मी मागितलं नव्हतं.

“असंच छाप,” तो म्हणाला. “माझ्या नावाखाली माझं वाक्य पायजे. तू सुधारू नको.”

समीक्षा


वाशिंद
१ डिसेंबर २०२४

दादा,

हे शेवटचं. याच्या सोबत पाचव्या प्रकरणाचं प्रूफ आहे. पान एकशे बारावर तुझं नाव आहे: बातमी कुणी लिहिली, कुठे बसून लिहिली आणि कुणाच्या फोनवरून. त्याच्या आधीच्या ओळीत माझं नाव आहे. काय सांगितलं आणि काय सांगितलं नाही, दोन्ही. चूक दिसली तर पंधरा तारखेपर्यंत लेखी कळव. ‘मला तसं वाटत नाही’ चालणार नाही. कुणाली घेणार नाही.

काल आम्ही दोघं पाड्यावर गेलो. नाशिकला निघायची तयारी चालली होती, अंगणात बोचकी बांधून ठेवलेली. आदेश डोळखांबपासून सायकलने आला. झिपरूंनी आधी त्याच्याकडे बघितलंच नाही, सायकलकडे बघितलं. टायर दाबून म्हणाले, “हवा जास्त हाय. उतारावर उडंल.” आदेशने तिथेच हवा कमी केली.

मग मी सांगितलं, तेव्हा मोरोशीच्या वर झेंडा घेऊन उभी होते ती मी. पेपरला सांगणारी मी.

गोदी उठून उभी राहिली. “एवढा येळ आमच्या दारात बसलीस नि बोलली नायस?” ती मला जे बोलली ते मी इथे लिहीत नाही. तिचा हक्क होता. मी ऐकून घेतलं. झिपरू मान खाली घालून बोचक्याची दोरी आवळत राहिले. आवळून झाली, सोडली, पुन्हा आवळली.

शेवटी ते म्हणाले, “पान वाच.”

मला वाटलं, मला सांगताहेत. ते भूमिकाला सांगत होते.

तिने प्रूफ हातात घेऊन शाळेतल्या आवाजात वाचलं. एकेचाळीस नंबर, दहा बावन्न, निळा ट्रक. बापाचं नाव आलं तेव्हा अडखळली, पुन्हा मागून वाचलं. आदेशचं वाक्य आलं तेव्हा झिपरूंनी पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. “सबब म्हंजी काय?” त्यांनी विचारलं.

“म्हणजे... म्हणून,” आदेश म्हणाला. “पहिला तू.”

“ते मला म्हाईत हाय,” झिपरू म्हणाले.

भूमिका पुढे वाचू लागली, ‘घाटाच्या चौथ्या वळणावर झिपरू यांनी...’

“थांब,” ते म्हणाले. “चवथं नाय. तिसरं.”

मी म्हणाले, “माझ्या वहीत चौथं आहे.”

“तुझी वही चुकली. तू खालचा मोड धरलास, त्याला आमी वळन म्हनत नाय. तिसरं. दरडीतून पानी गळतं तिथं. लिव.”

आदेश माझ्याकडे बघून म्हणाला, “तो बरोबर आहे. तिसरंच.”

अंगणाच्या टोकाला रेंज येते. मी तिथे जाऊन कुणालीला फोन लावला. पान एकशे दहा, ओळ सहा, ‘चौथ्या’च्या जागी ‘तिसऱ्या’. तिने विचारलं, स्रोत? मी म्हणाले, स्वतः झिपरू आगिवले, आणि समोर बसलेला दुसरा नंबर. ती म्हणाली, चालेल.

परत आले तर झिपरू भूमिकाकडून पुढचं पान वाचून घेऊन तयार होते. म्हणाले, “बस खाली. अजून दोन चुका हायत.”

समीक्षा